पानाला किती?

शाई विकत घेताना ती डोळ्यांना दिसायची. दौतीत असो, बाटलीत असो की कागदाच्या पुडीत, किती आणली आणि किती उरली हे कुणाला विचारावं लागत नसे. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅमलची शाई आणि कॅम्लिन कंपनी उभी राहिली. पुडी पाण्यात कालवायची, शाई दाट हवी की पातळ ते ज्याने त्याने ठरवायचं. हा काळ मी आजीकडून ऐकला. माझ्या वाट्याला आली ती निळ्या शाईची काचेची बाटली, रबरी फुग्याचा ड्रॉपर आणि रविवारी सकाळी पेनं धुऊन भरण्याचा कार्यक्रम. बाटली तळाला गेली की आई ती पुस्तकाला टेकवून तिरकी ठेवायची, म्हणजे शेवटचा थेंबसुद्धा ड्रॉपरमध्ये यायचा. नवी बाटली कधी आणायची हे घरात सगळ्यांनाच ठाऊक असे.

लिहिण्याचं जे, तेच छापण्याचं. एका पानाला काय खर्च येतो हे माणसाला पूर्वी तोंडपाठ असे. मग मधली पंधरा-वीस वर्षं अशी गेली की तो हिशेब पार हरवला. आता तो पुन्हा हाती येतो आहे. माझ्या भाचीला घरी प्रिंटर घ्यायचा होता, त्या निमित्ताने या तिन्ही काळांची उजळणी झाली.

कराडला आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा जमाखर्च दरवर्षी सायक्लोस्टाइल होऊन घरोघर जायचा. खजिनदार शेजारचेच. ते शाळेत कारकून होते, त्यामुळे स्टेन्सिल कापण्याचं काम आपोआप त्यांच्याकडे यायचं. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा थर दिलेला पातळ कागद आणि त्याच्या पाठीला जाड कागदाचा आधार. टाइपरायटरची रिबन बंद करायची आणि नुसत्या खिळ्यांचे घाव त्यावर घालायचे. घाव नीट बसला की अक्षराच्या आकाराची वाट मोकळी होई आणि छापताना शाई तिथून पाझरे. अनुस्वार जोरात बसला तर भोक पडे आणि प्रत्येक प्रतीवर तिथे काळा ठिपका उमटे. अक्षर चुकलं तर गुलाबी रंगाचं औषध ब्रशने लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि त्यावर बरोबर अक्षर मारायचं. त्या औषधाचा नेलपॉलिशसारखा वास खोलीभर पसरे.

मग ते स्टेन्सिल यंत्राच्या ढोलावर ताणून बसवायचं, ट्यूबमधली घट्ट काळी शाई सारखी पसरायची आणि हँडल फिरवायचं. पहिली काही पानं फिकी नाहीतर डागाळलेली निघत. ती आम्हा पोरांना कच्च्या कामाला मिळायची. कागद खरखरीत, शाई पिणारा असे, तरी ताजं पान दुसऱ्यावर पडलं की त्याच्या पाठीला छाप बसेच. म्हणून आम्ही पोरं पानं उचलून सतरंजीवर पसरत बसायचो. मला आजही कौतुक वाटतं ते त्या जमाखर्चाच्या शेवटच्या ओळींचं. ‘छपाई’ या सदराखाली स्टेन्सिल, शाई आणि कागद अशा तीन रकमा वेगवेगळ्या दाखवलेल्या असत. जो कागद हातात आहे तो छापायला काय लागलं, हे त्याच कागदावर लिहिलेलं! इतका चोख हिशेब मी पुढे कुठल्याच छापील कागदावर पाहिला नाही.

हे यंत्र नसतं तर मराठीतलं बरंच काही छापलंच गेलं नसतं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांचं ‘शब्द’ पन्नाशीच्या दशकात सायक्लोस्टाइल करूनच निघत होतं, आणि साठीनंतरच्या अनियतकालिकांपैकी अनेकांनी तीच वाट धरली. छापखान्यात खिळे जुळवून अंक काढायचा तर पैसे आधी मोजावे लागत, आणि ते तरुण कवींकडे नसत. स्टेन्सिल, शाईची ट्यूब आणि कागदाची रिमं एवढं वर्गणी काढून जमवता येई. पान स्वस्त पडलं की कोण काय छापू शकतो हेच बदलतं. प्रिंटरच्या शाईवर इतकं लिहावंसं वाटण्याचं माझं कारण तेच आहे.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर मांडून बसलेले टायपिस्टही दर आधी सांगत. पानाला इतके, प्रत्येक कार्बन प्रतीला वर इतके. चौथी-पाचवी प्रत फिकी येणार हेही ते आधीच सांगून टाकत आणि ‘ती घरी ठेवा, वरची साहेबाला द्या’ असा सल्ला देत. टाइपरायटर गोदरेजचा, त्या कंपनीने १९५५ साली भारतात बनवायला घेतलेलं हे यंत्र पुढची पन्नास वर्षं कचेऱ्यांतून वाजत राहिलं.

नव्वदीच्या दशकात मी पुण्याला आले तेव्हा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीची दुकानं होती. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ घातलेला संगणक, समोर ऑपरेटर आणि कोपऱ्यात झाकण घातलेला लेझर प्रिंटर. फ्लॉपी घेऊन जायचं, मजकूर तपासायचा आणि ऑपरेटरला ‘आता काढा’ म्हणायच्या आधी पुन्हा एकदा वाचायचा, कारण लेझरच्या एका पानाला पाच-दहा रुपये पडत. ऑफिसात डॉट मॅट्रिक्स होता. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद, आणि तो सुरू झाला की फोनवर बोलणं अशक्य. त्याची रिबन फिकी पडली की नव्या रिबनचे पैसे वाचवायला तीच पुन्हा शाई लावून घेतली जाई. रिबन फिकी होत होत जायची, एकदम दगा द्यायची नाही. उरलेली शाई पानावरच दिसत असे.

मग इंकजेट घरात आला. त्याच्या जन्माची एक गोष्ट मला फार आवडते. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो या संशोधकाच्या टेबलावर शाई भरलेली सिरिंज होती आणि शेजारी गरम सोल्डरिंग आयर्न. त्याचं टोक चुकून सुईला टेकलं आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे त्यांनी ओळखलं. अमेरिकेत एचपीही याच तत्त्वावर काम करत होती. १९८४ साली त्यांचा थिंकजेट बाजारात आला. एप्सनने वेगळा रस्ता धरला. त्यांच्या हेडमध्ये उष्णता नाही, विजेचा दाब दिला की किंचित वाकणारा पिझो स्फटिक थेंब ढकलतो. हा फरक आज प्रिंटर निवडतानाही कामाला येतो, त्याकडे पुढे येतेच.

आमच्या घरी प्रिंटर आला तेव्हा संगणकाबरोबर तो घेतला तर मोठी सूट मिळे. पहिल्या दिवशी फोटो छापला, सगळे भोवती जमले. घरच्या घरी रंगीत फोटो! स्टुडिओत रोल धुवायला टाकून आठवडाभर थांबणाऱ्या आमच्यासाठी ते अप्रूपच होतं. मुलांचे शाळेचे प्रकल्प, वाढदिवसाची निमंत्रणं, दिवाळीची कार्डं, सगळं घरात निघू लागलं. काही आठवड्यांतच काळं कार्ट्रिज संपलं आणि त्याची किंमत कळली.

काळ्या शाईचं छोटं कार्ट्रिज पाचशे-सहाशे रुपयांना. खोक्यावर बारीक अक्षरांत पानांचा आकडा : साधारण १२०. भागाकार केला की पानाला चार ते पाच रुपये. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला तेव्हा रुपयाला प्रत काढून देत होता. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंग एकाच डबीत असायचे. गुलाबी संपला की निळा आणि पिवळा शिल्लक असूनही सगळी डबीच टाकायची. बरं, न वापरता ठेवावं तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हेड सुकलेलं. ते साफ करायला यंत्र आणखी शाई ओतणार. आमच्या यंत्राचा पडद्यावरचा इशारा ‘शाई संपली’ असं सांगत असताना कार्ट्रिज हलवलं तर आत शाई खळखळताना ऐकू यायची. चिपवरचा हिशेब काही वेगळंच मोजत होता. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारलं तर उत्तर एकच : नवं घ्या. यंत्र स्वस्तात विकायचं आणि शाईवर कमवायचं हा त्या काळचा सरळ धंदा होता, आणि त्यात पानाला किती पडतं हे घेणाऱ्याला सहज कळणार नाही याची पुरेपूर सोय होती. टायपिस्टने झाडाखाली बसून दिलेला भाव या चकचकीत खोक्यावर कुठेच नव्हता. मला राग त्याचा होता. महाग आहे म्हणून सांगा, पण सांगा तरी.

लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. सिरिंज आणि शाईच्या बाटल्यांचे रिफिल किट मिळू लागले. वर्तमानपत्र अंथरायचं, कार्ट्रिजवरचं स्टिकर सोलायचं, त्याखालच्या भोकात सुई घालून हळूहळू शाई सोडायची. घाई केली की ती खालून टपटपायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात निम्म्या लोकांच्या बोटांना मॅजेंटा लागलेला दिसे. लेझरवाल्यांचं जरा बरं होतं. एचपीचा एम१००५ किंवा कॅननचा एलबीपी २९०० ज्याच्याकडे असे, त्याचा टोनर मुळात २,००० पानांचा, आणि रिफिलवाला घरी येऊन तासाभरात पावडर भरून देई. तो टोनर उघडून मॅग रोलर पुसायचा, ड्रम उजेडात धरून ओरखडे बघायचा आणि ‘या वेळी चालेल, पुढच्या वेळी ड्रम आणि वायपर ब्लेड बदलावं लागेल’ असं सांगून जायचा. हा माणूस मला फार विश्वासाचा वाटायचा, कारण कशाचा किती खर्च हे तो सुटं सुटं सांगे. तो एम१००५ आजही गावोगावच्या झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानांत दिसतो.

मोठा बदल आला तो ग्राहकांच्याच खटपटीतून. इंडोनेशियातले दुकानदार प्रिंटरच्या बाजूला शाईच्या टाक्या लावून, बारीक नळ्यांनी ती शाई थेट हेडपर्यंत पोचवत होते. आपल्याकडेही पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्या स्टुडिओत असले प्रिंटर पाहिलेले आठवतील : झाकण अर्धवट उघडं, त्यातून चार रंगांच्या नळ्या बाहेर आलेल्या. वॉरंटी गेली तरी परवडायचं, इतका फरक पडे. अखेर एप्सनने ही पद्धत स्वतःच यंत्रात आणली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियातच पहिले इंक टँक प्रिंटर विकायला काढले. यंत्र महाग, शाई स्वस्त, म्हणजे जुनं गणित पार उलटं. ते भारतात आले आणि चालले. २०१५ च्या अखेरीस कॅननची जी-मालिका आली, ब्रदर आणि एचपीनेही टाक्या लावल्या. आता काचेसारख्या पारदर्शक टाकीत शाईची पातळी दिसते, बाटली उपडी करून ती आपण भरतो. किती आणली, किती उरली, हे पुन्हा डोळ्यांना कळू लागलं.

भाची कराडलाच असते, आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. टाळेबंदीत सगळं मोबाइलवर गेलं होतं, तेव्हा मुलांच्या डोळ्यांचं आणि लक्षाचं काय झालं ते तिने जवळून पाहिलं. त्यानंतर तिने ठरवून टाकलं की सरावाची पानं कागदावरच द्यायची. दिवाळीत पुण्याला आली होती, तेव्हा आम्ही दोघी बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने यंत्रं दाखवायच्या आधी एकच प्रश्न विचारला आणि मला बरं वाटलं.

“ताई, महिन्याला किती पानं?”

“चारशेच्या आसपास. परीक्षेच्या वेळी जास्त.”

“रंगीत?”

“नकाशे आणि आकृत्या. थोडीच.”

“मग टाकीवालाच घ्या. महिन्याला वीस-पंचवीस पानं म्हणाला असता, तर तो विकला नसता मी तुम्हाला.”

“आत्या, याला म्हणतात दुकानदार,” भाची हळूच म्हणाली.

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि आकडे मांडून पाहिले की लगेच पटतं. स्कॅन, कॉपी आणि वायफाय असलेला टाकीवाला प्रिंटर चौदा-पंधरा हजारांना येतो. कार्ट्रिजवाला चार हजारांत मिळतो. वरचे दहा हजार पानामागे वाचणाऱ्या साडेचार-पाच रुपयांतून भरून यायला दोन हजारांहून जास्त पानं लागतात. महिन्याला चारशे पानं असतील तर सहा महिन्यांच्या आत पैसे वसूल. महिन्याला पंचवीस असतील तर सात वर्षं लागतील, आणि तेवढ्यात हेड नक्की सुकेल. अशा घराने कार्ट्रिजवालाही घेऊ नये. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन रुपये देऊन पान काढून आणावं, त्याचं दुकानही चालेल. आणि ज्याला फक्त काळं छापायचंय, तेही महिन्यातून एखाद-दोनदाच, पण घरातच हवंय, त्याला मोनो लेझर बरा. पावडर सुकत नाही, यंत्र महिनाभर बंद राहिलं तरी पहिलं पान स्वच्छ येतं. फक्त लेझर तापायला शेकडो वॅट ओढतो, घरगुती इन्व्हर्टरवर तो लावू नये. टाकीवाला दहा-पंधरा वॅटमध्ये भागवतो. वीज जाते-येते अशा गावात ही गोष्ट छोटी नाही.

बाटलीवर जो पानांचा आकडा असतो तो कसा मोजतात हे माहीत असावं. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर शाई असते आणि त्यावर ४,५०० पानं सांगतात. असले आकडे साधारण पाच टक्के शाईच्या पानाचे असतात, म्हणजे पानाच्या विसाव्या भागावरच शाई. आखूड पत्राचं पान ते. भाचीची सरावाची पानं म्हणजे चौकटी, जाड मथळे, भूमितीच्या आकृत्या आणि मोठ्या अक्षरांतली देवनागरी, वर शिरोरेषेसकट. तिला मी म्हटलं, निम्मी पानं धर. शिवाय पहिल्यांदा यंत्र भरताना नळ्यांमध्येच बरीच शाई जाते, म्हणून पहिली बाटली लवकर संपते. त्यात बिघाड काही नसतो.

आता हिशेब. साडेतीनशे रुपयांच्या आसपासची बाटली, दोन-सव्वादोन हजार पानं. शाई पानाला सोळा-सतरा पैसे. कागदाचं ५०० पानांचं रिम पावणेतीनशे-तीनशेला, म्हणजे एका कागदाला पंचावन्न ते साठ पैसे. इथे भाची थांबली आणि म्हणाली, “म्हणजे शाईपेक्षा कागद महाग?” हो. जवळजवळ साडेतीनपट. कार्ट्रिजच्या काळात हे कुणी म्हटलं असतं तर खरं वाटलं नसतं. म्हणूनच शाई वाचवायला फिक्या ‘ड्राफ्ट’मध्ये छापून मुलांच्या डोळ्यांना ताण देण्यात आता काही अर्थ नाही, दोन्ही बाजूंनी छापलं तर खरे पैसे वाचतात. आपोआप पान उलटणारा, म्हणजे डुप्लेक्सवाला प्रिंटर दोन-चार हजारांनी महाग पडतो, पण चारशे पानांना दोनशेच कागद लागत असतील तर महिन्याला शंभराहून जास्त रुपये सुटतात. मी तिला तो घ्यायला लावला.

शाईचा प्रकारही बघावा, आणि पावसाळी गावात तर बघावाच. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत काळीसह सगळ्या शाया रंगद्रवाच्या, म्हणजे डायच्या असतात. फोटोला त्या छान, पण पानावर पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरतं. कॅननच्या जी-मालिकेत, ब्रदरच्या टाकीवाल्यांत आणि एप्सनच्या वरच्या मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची असते. ती कागदावर धरून बसते. जुलैत दप्तरं भिजवत कृष्णाकाठच्या गावांतून येणाऱ्या पोरांसाठी पिगमेंटच हवी होती. सातबाराचं, जातीच्या दाखल्याचं, कुठलंही सरकारी काम घरी छापणाऱ्यानेही हेच पाहावं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. पूर्वी तलाठ्याने हाताने लिहून दिलेला उतारा पावसात भिजला की त्याची निळी शाई पसरायची. नव्या कागदाचंही तेच व्हायला नको.

हेडबद्दल मघाशी म्हटलं होतं. कॅनन आणि एचपीच्या टाकीवाल्या यंत्रांत उष्णतेवर चालणारं हेड काढून नवं बसवता येतं. ते झिजतं, पण बदलणं आपल्या हाती राहतं. एप्सनचं पिझो हेड यंत्रातच कायमचं असतं. ते पुष्कळ टिकतं, पण गेलं तर दुरुस्ती महाग पडते. ज्याच्याकडे रोज छपाई आहे त्याला मी पिझो सुचवीन, ज्याच्याकडे मधे मधे खंड पडतो त्याला बदलता येणारं हेड. दोन्हीत आठवड्याला एक रंगीत पान काढावं. यंत्र बंद करताना त्याचंच बटण दाबावं, भिंतीवरचा खटका नाही, कारण बटणाने बंद केलं तरच हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसतं. टाकीतली शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नये. नळीत हवा शिरली की मग सगळ्या रंगांची शाई खर्चून ती काढावी लागते.

हेड साफ करताना वाया गेलेली शाई आतल्या एका पॅडमध्ये मुरते, हे दुकानात क्वचितच कुणी सांगतं. पॅड भरलं की यंत्र छापणं थांबवतं आणि सेवा केंद्र गाठावं लागतं. नव्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ कॅननच्या जी२०२० मध्ये, हा डबा घरच्या घरी बदलता येतो. कराडसारख्या गावात राहणाऱ्याला हे सोयीचं. वॉरंटीचा कागदही वाचावा. काही टाकीवाल्यांवर ती ‘एक वर्ष किंवा ३०,००० पानं, जे आधी होईल ते’ अशी असते. आणि काच. घरगुती मल्टिफंक्शनची स्कॅनची काच ए४ मापाची असते. लीगल कागद, स्टॅम्पपेपरवरचा करार, जुनं खरेदीखत त्यावर पूर्ण बसत नाही. असे कागद सतत लागत असतील तर वरून कागद ओढणारं एडीएफ असलेलं मॉडेल पाहावं.

भाचीने पिगमेंट काळी, डुप्लेक्स आणि वायफायवालं यंत्र घेतलं. महिन्याभराने तिचा फोन आला. शाई, दोन्ही बाजूंनी छापलेला कागद आणि यंत्राची किंमत पाच वर्षांवर पसरून तिने पानाला एक रुपया दहा पैसे काढले होते. यंत्र वगळलं तर पन्नास पैशांच्या आत. गावातल्या दुसऱ्या शिकवण्यांत सरावसंचाचे वेगळे पैसे घेतात. तिने पालकांच्या गटावर हा सगळा हिशेब टाकला, शाई वेगळी, कागद वेगळा, यंत्र वेगळं, आणि लिहिलं की पानांचे पैसे फीमध्येच धरले आहेत. आता ती नववीच्या भूगोलाचे नकाशे रंगीत काढते आहे, आणि रंगीत पानाला किती पडतं ते तिला पुढच्या बाटल्या भरताना कळेल.